मैदान कुणाच्या मालकीचं?

मुस्लिम मुलींनी फुटबॉल खेळावा की नाही, हा विषय निघाला की दोन-तीन वाक्यांतच चर्चा इस्लामवर येऊन थांबते. एक बाजू म्हणते, तुमचा मजहबच बायकांना खेळू देत नाही. दुसरी बाजू म्हणते, आपल्या मुलींनी परक्या लोकांसमोर असं पळणं आपल्या तहजीबमध्ये बसत नाही. दोघेही एकमेकांच्या विरोधात बोलतात, पण हा प्रश्न फक्त मुसलमानांचा आहे, यावर दोघांचं एकमत असतं. इतिहास उघडून पाहिला की हे एकमत टिकत नाही. स्त्रियांच्या फुटबॉलवरची सगळ्यात गाजलेली बंदी कुठल्या मौलवींनी घातलेली नव्हती. ती लंडनच्या सुटाबुटातल्या साहेबांनी 1921 साली घातली आणि पुढे जवळपास पन्नास वर्षं टिकवली.

ती गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण आज आपल्या मोहल्ल्यात जे बोललं जातं, ते जवळजवळ सगळं तेव्हा तिथे बोलून झालं होतं.

मार्च 1895 मध्ये लंडनच्या क्राउच एंड भागात ‘ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लब’ने जाहीर सामना खेळला. नेटी हनीबॉल या नावाने ओळखली जाणारी बाई या क्लबची मुख्य संघटक होती. सामना पाहायला हजारो लोक आले. वर्तमानपत्रांनीही दखल घेतली, पण गोल कसे झाले यापेक्षा खेळाडूंनी घातलं काय होतं, यावरच जास्त शाई खर्च झाली. सव्वाशे वर्षं होऊन गेली, तरी बातमीची ही तऱ्हा फारशी बदललेली नाही.

खरी लाट आली ती पहिल्या महायुद्धात. पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. इंग्लंडच्या प्रेस्टन शहरात ‘डिक, कर अँड कंपनी’ हा कारखाना युद्धाच्या काळात दारूगोळा बनवत होता. तिथल्या कामगार मुली जेवणाच्या सुटीत अंगणात चेंडू खेळायच्या. त्यातूनच ‘डिक, कर लेडीज’ हा संघ उभा राहिला. 1917 च्या नाताळच्या दिवशी त्यांनी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी सामना खेळला आणि दहा हजार लोक तिकीट काढून आले. तीन वर्षांनी, 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर सेंट हेलेन्सच्या मुलींविरुद्धच्या त्यांच्या सामन्याला सुमारे 53,000 प्रेक्षक होते. हजारो लोकांना जागा नाही म्हणून फाटकावरून परत जावं लागलं.

या मुली बड्या घरच्या नव्हत्या. कारखान्यात राबणाऱ्या, मजुरांच्या घरातल्या होत्या. त्यांच्यातली लिली पार तर चौदा-पंधरा वर्षांची असताना संघात आली. डाव्या पायाने ती असा फटका मारायची की भलेभले गोलरक्षक घाबरायचे.

आणि मग 5 डिसेंबर 1921 रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. हा खेळ स्त्रियांसाठी योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. जमलेल्या पैशांतला फार मोठा भाग खर्चात जातो, धर्मादायाला कमी पोहोचतो, असाही आरोप होता. काही डॉक्टरांनी साथ दिली. बाईच्या शरीराला हे धक्के सोसत नाहीत, तिच्या आई होण्यावर परिणाम होईल, असं सांगितलं गेलं. तीन वर्षांपूर्वी याच मुली तोफगोळे उचलत होत्या, तेव्हा त्यांच्या शरीराची ही काळजी कुणाला वाटली नव्हती.

मग एवढी घाई कशाची होती? या काळाचा अभ्यास करणारे काही गोष्टींकडे बोट दाखवतात. युद्ध संपलं होतं, पुरुष परत आले होते, आणि बायकांनी कारखान्यातून आणि मैदानातून घरी जावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. दुसरं म्हणजे, या सामन्यांचा पैसा असोसिएशनच्या हातात नव्हता. तिसरं म्हणजे, 1921 साली कोळसा खाणमालकांनी कामगारांसाठी खाणी बंद केल्या, तेव्हा उपाशी कामगार कुटुंबांसाठीही स्त्रियांचे संघ सामने खेळले. सैनिकांसाठी खेळणाऱ्या मुली देशभक्त होत्या. खाणकामगारांसाठी खेळणाऱ्या मुली खटकू लागल्या.

आता या ठरावाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. असोसिएशनने बायकांना ‘खेळू नका’ असं म्हटलं नाही. तो अधिकारही तिला नव्हता. तिने आपल्या क्लबांना सांगितलं, ‘यांना तुमची मैदानं देऊ नका.’ बस्स. 53,000 प्रेक्षकांसमोर खेळणाऱ्या मुली सार्वजनिक बागांत आणि कुणाच्या तरी कुरणात खेळू लागल्या. खेळ थांबला नाही. लिली पार 1951 पर्यंत खेळत राहिली. पण पुढच्या पिढीच्या मुलींना तो दिसेनासा झाला. जे दिसत नाही, त्याची आस लागत नाही. मग पन्नास वर्षांनी तेच लोक म्हणायला मोकळे, की बायकांना फुटबॉलमध्ये रसच नसतो.

इतर देशांनीही हाच कित्ता गिरवला. ब्राझीलमध्ये 1941 च्या सरकारी हुकमाने स्त्रियांच्या ‘प्रकृतीला न मानवणारे’ खेळ त्यांना बंद केले. त्यात फुटबॉल आला आणि ही बंदी 1979 पर्यंत राहिली. फुटबॉल ज्या देशाचा श्वास आहे असं म्हणतात, त्या देशाची ही गोष्ट. पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल महासंघाने 1955 मध्ये आपल्या क्लबांना स्त्रियांचे संघ ठेवायला आणि त्यांना मैदान द्यायला मनाई केली. ती 1970 मध्ये उठली. या तिन्ही देशांत मुसलमानांची सत्ता नव्हती. कारणं मात्र ओळखीची वाटतात: शरीर नाजूक आहे, शोभत नाही, लोक काय म्हणतील.

समाजशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर खेळाचं मैदान ही फक्त मोकळी जमीन नसते. सार्वजनिक जागेवर कुणाचा हक्क आहे, हे तिथे रोज संध्याकाळी ठरत असतं. मुलगा मैदानात जातो तेव्हा त्याला कुणी ‘कशासाठी?’ असं विचारत नाही. मुलीला मात्र रस्त्यावर असायला कारण लागतं: दूध आणायचंय, शिकवणीला जायचंय, भावाला शोधायचंय. काहीही कारण नसताना, फक्त मजा म्हणून बाहेर असणं तिला परवडत नाही.

याचा परिणाम शरीरावरही होतो. आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन विदुषीने 1980 मध्ये एक निबंध लिहिला. मुली चेंडू ‘मुलीसारखा’ का फेकतात, हा त्याचा विषय. तिचं म्हणणं थोडक्यात असं: मुलीच्या हाडांत किंवा स्नायूंत याचं कारण शोधू नका. लहानपणापासून तिला आवरून बसायला, जपून चालायला, कमी जागा व्यापायला शिकवलं जातं. त्यामुळे चेंडू फेकतानाही ती पूर्ण शरीर वापरत नाही, फक्त हात हलवते. उर्दू शाळेत शिकवताना मी हे वर्षानुवर्षं पाहते. पाचवीतली मुलगी वाऱ्यासारखी धावते. सातवी-आठवीत तीच मुलगी खेळाच्या तासाला भिंतीला टेकून ओढणी सारखी करत उभी असते. तिचे पाय कमजोर झालेले नसतात. आपल्याकडे कोण पाहतंय, याचा हिशेब तिच्या डोक्यात सुरू झालेला असतो.

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येऊ. इंग्लंड-जर्मनीचा दाखला देऊन आपली सुटका होत नाही.

इराणमध्ये 1979 च्या क्रांतीनंतर पुरुषांचे फुटबॉल सामने मैदानात बसून पाहायला स्त्रियांना मनाई झाली. खेळणं तर दूर, पाहणंसुद्धा नाही. तरी बायका गप्प बसल्या नाहीत. 1997 मध्ये इराणने ऑस्ट्रेलियाशी बरोबरी साधून विश्वचषकात जागा मिळवली. तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये संघाचं स्वागत झालं, तेव्हा हजारो स्त्रिया मनाई मोडून आत शिरल्या. पुढे जाफर पनाही यांनी मुलाचा वेश करून मैदानात घुसणाऱ्या मुलींवर ‘ऑफसाइड’ हा चित्रपट केला. तोही इराणमध्ये दाखवू दिला नाही. 2019 मध्ये सहर खुदायारी ही तरुणी याच कारणासाठी पकडली गेली. आपल्याला तुरुंगवास होणार असं कानावर आल्यावर तिने न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि त्यातच तिचा मृत्यू झाला. तिचा आवडता संघ निळ्या रंगाचा होता, म्हणून जगाने तिला ‘निळी मुलगी’ म्हटलं. महिनाभराने, 10 ऑक्टोबर 2019 रोजी, इराण-कंबोडिया सामन्याला साडेतीन हजारांच्या आसपास स्त्रियांना तिकिटं मिळाली. इराण 14-0 ने जिंकला. दार किलकिलं झालं, पण त्याची किंमत एका जिवाने मोजली.

मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण दीनी तालीम घेतलेल्या प्रत्येकाने दोन रिवायती ऐकलेल्या असतात. एक सहीह बुखारीतली: ईदच्या दिवशी मशिदीत हबशी लोक भाल्यांचा खेळ करत होते आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (र.अ.) यांना तो दाखवला. त्यांचं मन भरेपर्यंत ते स्वतः उभे राहिले. दुसरी अबू दाऊदमधली: एका प्रवासात दोघांनी धावण्याची शर्यत लावली आणि हजरत आयशा जिंकल्या. पुढे पुन्हा शर्यत झाली तेव्हा पैगंबर जिंकले आणि ही त्या शर्यतीची परतफेड, असं म्हणाले. पाहणं आणि धावणं, दोन्ही या घरात होतं. पडद्याची मर्यादा, कपडे, जागा यांवर उलेमांमध्ये चर्चा आहे आणि ती असू द्या. पण ‘बाईने खेळाकडे फिरकायचंच नाही’ हा निर्णय दीनच्या नावावर खपवताना या रिवायती आठवायला हव्यात. बऱ्याचदा आपण रिवाजाला मजहबचा पोशाख चढवतो.

याच्या उलट बाजूनेही मुलीची कोंडी झाली. 2007 मध्ये कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात एका 11 वर्षांच्या मुलीला हिजाब घातला म्हणून सामन्यातून बाहेर काढलं. जून 2011 मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान इथे इराणच्या मुली ऑलिंपिक पात्रता सामन्यासाठी मैदानात उतरल्या. त्यांच्या डोक्यावरच्या कापडामुळे सामना होऊच दिला नाही आणि विजय जॉर्डनला बहाल केला. त्या मुली मैदानावरच रडल्या. देशात डोकं झाकल्याशिवाय खेळता येत नाही आणि परदेशात झाकून खेळता येत नाही, मग त्यांनी करायचं काय? फिफाकडून सांगितलं जाणारं कारण सुरक्षिततेचं होतं: गळ्याला इजा होईल. पुन्हा तेच, बाईच्या शरीराची काळजी. जॉर्डनचे राजपुत्र अली तेव्हा फिफाचे उपाध्यक्ष होते. त्यांनी हा विषय लावून धरला. 2012 मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली आणि मार्च 2014 मध्ये नियम कायमचा बदलला. त्याच निर्णयाने शीख खेळाडूंच्या पगडीलाही वाट मिळाली.

तरी फ्रान्सचा फुटबॉल महासंघ आपल्या स्पर्धांमध्ये बंदीवर ठाम राहिला. ‘ले हिजाब्यूझ’ नावाच्या मुलींच्या गटाने दाद मागितली. 29 जून 2023 रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बंदी कायम ठेवली. साधारण एका महिन्याने, 30 जुलैला, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून दक्षिण कोरियाविरुद्ध उतरली. प्रौढ स्त्रियांच्या विश्वचषकात हिजाबात खेळणारी ती पहिलीच. मोरोक्को 1-0 ने जिंकला आणि पुढे बाद फेरीतही पोहोचला. माझ्या मनात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. त्या दिवशी मैदानावरच्या तिच्या सहकारी उघड्या डोक्याने खेळत होत्या. कुणी कुणाला सुधारायला गेलं नाही. सगळ्या मिळून बचाव करत होत्या. तेहरान आणि पॅरिस यांना जे जमलं नाही, ते या अकरा जणींना नव्वद मिनिटांत जमलं.

ही सगळी दूरदेशची कथा वाटत असेल तर आपल्या नवी मुंबईत या. 20 जानेवारी 2022 रोजी डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आशियाई चषकाचा भारत-इराण सामना 0-0 असा सुटला. इराणच्या स्त्रिया पहिल्यांदाच या स्पर्धेला पात्र ठरल्या होत्या, त्याही जॉर्डनला पेनल्टीवर हरवून. दहा वर्षांपूर्वी अम्मानला हुकलेला हिशेब त्यांनी असा चुकता केला. पण त्या विजयानंतर जॉर्डनच्या महासंघाने इराणची गोलरक्षक जोहरा कुदाई स्त्री आहे की नाही, याची चौकशी करा, अशी मागणी केली होती. मी स्त्री आहे, हे तिला जगासमोर सांगावं लागलं. चांगली खेळली तर ‘ही बाईच नाही’ आणि वाईट खेळली तर ‘शेवटी बाईच’, या कात्रीतून सुटका कुठल्याच देशात नाही. ही मागणी करणाऱ्या महासंघाचे अध्यक्ष हिजाबसाठी लढलेले तेच राजपुत्र अली होते. एका बाबतीत साथ देणारा माणूस दुसऱ्या बाबतीतही साथ देईलच, असं नसतं.

भारताचा स्वतःचा इतिहासही आपल्याला कुणी शिकवत नाही. 1975 मध्ये इथे स्त्रियांच्या फुटबॉलसाठी वेगळी संघटना उभी राहिली, कारण पुरुषांच्या महासंघाने त्यांना आपलं मानलं नव्हतं. तरीही 1980 आणि 1983 मध्ये भारताच्या मुली आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या. शांती मल्लिक यांना 1983 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. मणिपूरच्या बेंबेम देवी यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ही नावं किती पाठ्यपुस्तकांत आहेत? माझ्या वर्गात मेस्सी आणि रोनाल्डो झोपेतही सांगता येतात.

महाराष्ट्रातली मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट मुंब्र्याची आहे. 1992-93 च्या दंगलींनंतर हजारो मुस्लिम कुटुंबं मुंबई सोडून इथे आली. इमारती दाटीवाटीने उभ्या राहिल्या, मोकळ्या जागा संपत गेल्या. जी मैदानं उरली ती मुलग्यांच्या क्रिकेटने भरलेली. 2012 च्या सुमारास ‘परचम’ या गटाने इथल्या मुलींचा फुटबॉल सुरू केला. घरोघरी जाऊन अम्मी-अब्बांशी बोलणं झालं, विरोधही झाला. मुलींनी सह्या गोळा केल्या आणि लोकप्रतिनिधींकडे मागणी केली: आम्हाला खेळायला जागा द्या. या गटाच्या स्पर्धेला फातिमाबी आणि सावित्रीबाई या दोघींचं नाव आहे, आणि वेगवेगळ्या धर्मांच्या मुली तिथे एकाच संघात खेळतात. लक्षात घ्या, त्यांनी शूज मागितले नाहीत, बक्षीस मागितलं नाही. जागा मागितली. 1921 मध्ये इंग्लंडच्या मुलींकडून जे काढून घेतलं, तेच मुंब्र्याच्या मुलींनी मागितलं.

आई-बापांची भीती खोटी असते, असं मात्र मी म्हणणार नाही. 2019 मध्ये फिफाने अफगाणिस्तानच्या फुटबॉल महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षावर महिला खेळाडूंच्या लैंगिक शोषणाबद्दल आजीवन बंदी घातली. ज्या मुली सगळ्या समाजाचा विरोध पत्करून मैदानात आल्या होत्या, त्यांचा घात मैदान सांभाळणाऱ्यानेच केला. दोन वर्षांनी तालिबान आले आणि खेळाडूंना देश सोडून पळावं लागलं. त्यांतल्या अनेक जणी ऑस्ट्रेलियात पोहोचल्या. तेव्हा ‘पाठवा मुलींना बिनधास्त’ एवढं म्हणून भागत नाही. प्रशिक्षक कोण आहे, बाई आहे का, तक्रार कुठे करायची, कपडे बदलायला आडोसा आहे का, स्वच्छतागृह आहे का, हे प्रश्न आईने विचारलेच पाहिजेत. फक्त ते प्रश्न मुलीला घरी ठेवण्यासाठी नकोत, मैदान तिच्या लायक करून घेण्यासाठी हवेत.

आपल्या शाळांच्या संस्थाचालकांना, मोहल्ला कमिट्यांना आणि मशिदीच्या ट्रस्टींनाही मला एकच गोष्ट सुचवायची आहे. फुटबॉलचा मोठा प्रकल्प नको, उद्घाटन नको, फ्लेक्स नको. मोहल्ल्यात जे एक मैदान असेल, ते आठवड्यातून तीन दिवस, असर ते मगरिब, फक्त मुलींसाठी ठेवा. एक शिक्षिका आणि दोन चेंडू पुरतात. कुणी हिजाबात येईल, कुणी ट्रॅकपँट घालून येईल, त्यावर बोलू नका. आणि त्या तीन दिवशी मुलग्यांना दुसरीकडे जायला सांगण्याचं काम मुलींवर टाकू नका, ते तुम्ही करा.